जाम इंजिन आणि फाटकाशी थांबलेले आजोबा
‘इंजिन जाम आहे, गाडी भंगारात द्यावी का?’ अजिबात देऊ नका! माझी फोक्सवॅगन बीटल ११ वर्षं ताडपत्रीखाली होती. इंजिनच्या पुलीला (पट्टा फिरवणाऱ्या चाकाला) पाना लावून जीव खाऊन जोर दिला, ढिम्म हलली नाही. तेवढ्यात कुत्रा फिरवायला निघालेले एक आजोबा फाटकाशी थांबले. म्हणाले, “पाना खाली ठेव आधी.” आयुष्यभर एअर-कूल्ड (हवेने थंड होणारी) इंजिनं उघडलेला माणूस निघाला! (कुत्रा मग रोज आमच्याकडेच.)

चारही स्पार्क प्लग काढून अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मं-निम्मं आत सोडलं. बीटलचे सिलिंडर आडवे, म्हणून पिचकारीने. मग रोज पुली केसभर पुढे, केसभर मागे. स्टार्टरला हात लावायचा नाही. सहाव्या दिवशी ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि पुली फिरली.

हे मिश्रण पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं, तेव्हा सुरू करण्याआधी इंजिन ऑइल बदलाच. मी विसरणारच होतो. व्हॉल्व्हचं अंतरही थंड इंजिनावर ०.१५ मिमी आजोबांनीच लावून दिलं, स्वतःच्या घासून गुळगुळीत झालेल्या फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी). आणि हो, अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवा.