मदत हवी आहे: मिंटमध्ये आवाज सारखा एचडीएमआयकडे पळतो, दृष्टिहीन विद्यार्थ्याचं काम अडतं

नमस्कार मंडळी,

औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय३, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ सिनॅमन ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. मशीन छान पळतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

अडचण आवाजाची आहे. जुना व्हीजीए मॉनिटर गेला, त्या जागी देणगीतून नवा आला. त्याला फक्त एचडीएमआय आहे, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलमधून जातात. मॉनिटरला स्पीकर नाहीत, मागे हेडफोनचं एक भोक तेवढं आहे. आमचे स्पीकर सीपीयूच्या मागच्या हिरव्या जॅकला लावलेले आहेत. नवा मॉनिटर लागल्यापासून मशीन चालू केलं की स्पीकर मुके. साउंड सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट एचडीएमआयवरून लाइन आउटवर, म्हणजे हिरव्या जॅकवर, आणलं की लगेच आवाज येतो. म्हणजे ड्रायव्हर, स्पीकर, वायर सगळं ठीक आहे.

मग यात एवढं काय, असं वाटेल. तर ऐका. या मशीनवर सगळ्यात जास्त बसणारा मुलगा पूर्ण दृष्टिहीन आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, नांदेड विद्यापीठाची परीक्षा तोंडावर आहे. ऑर्का हा पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर आणि ईस्पीक एनजीचा मराठी आवाज यांवर तो नोट्स वाचतो, स्वतःची उत्तरं टाइप करतो. तो आवाज यंत्रासारखा कोरडा आहे, पण त्याचा कान इतका बसलाय की तो वेग वाढवून ऐकतो. शेजारी बसलेल्या आम्हाला एक शब्द कळत नाही. त्याच्यासाठी आवाज हाच पडदा. आवाज एचडीएमआयकडे गेला की तो परत आणायला डोळस माणूस लागतो. म्हणजे ज्याला आवाजाची गरज, त्यालाच तो दुरुस्त करता येत नाही. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर जुना झालाय, मशीन मधेच बंद पडतं. ग्रंथपाल बाहेर गेलेले असले की पोरगं कुणी येईपर्यंत नुसतं बसून राहतं. हे मला बघवत नाही.

आतापर्यंत काय पाहिलं ते लिहितो, म्हणजे तुमचा वेळ वाया जाणार नाही. अल्सामिक्सर हा आवाजाच्या पातळ्या दाखवणारा प्रोग्राम उघडून एफ६ दाबलं तर आवाजाची दोन कार्डं दिसतात: एचडीए इंटेल एचडीएमआय आणि एचडीए इंटेल पीसीएच (हिरव्या जॅकचं). पीसीएचमध्ये मास्टर आणि फ्रंट पूर्ण वर आहेत, खाली एमएम नाही, म्हणजे म्यूट नाही. एचडीएमआयची केबल उपसून मशीन चालू केलं की आवाज आपोआप हिरव्या जॅकमधून येतो. आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओ प्रोग्रामच्या डीफॉल्ट डॉट पीए फाइलमध्ये ओळ घालायचा जुना उपाय बऱ्याच जणांनी सांगितला, त्याने काही फरक पडला नाही. लॉगिनच्या पडद्यावर तर ऑर्का एकदाही बोललं नाही.

केबल काढून ठेवा म्हणू नका. सकाळी भरतीची तयारी करणारी पोरं त्याच मशीनवर सराव परीक्षा देतात, त्यांना पडदा लागतो. लाइन आउट कायमचं पक्कं कसं करायचं?

प्रतिसाद १

भाऊ, स्पीकरची पिन मॉनिटरच्या मागच्या हेडफोन जॅकला लावून बघितली का? आवाज तिकडेच जातोय तर तिथूनच घ्या.

धागाकर्ता

बघितली दादा. आवाज येतो, पण मॉनिटर बटणाने बंद केला की तोही जातो. हा मुलगा एकटा बसतो तेव्हा मॉनिटर बंदच ठेवतो, इन्व्हर्टर तेवढाच जास्त चालतो.

प्रतिसाद २

सर, तुमचं निदान बरोबर आहे. मॉनिटरला स्पीकर नसले तरी हेडफोन जॅक आहे, त्यामुळे तो केबलमधून कॉम्प्युटरला सांगतो की मला आवाज वाजवता येतो. जुना उपाय चालला नाही कारण मिंट २२ मध्ये पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आलं. कुठून वाजवायचं हे आता त्याचा जोडीदार प्रोग्राम वायरप्लंबर ठरवतो, ती जुनी फाइल कुणी वाचतच नाही.

आधी सोपं करा. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल घ्या, ते पाइपवायरवरही चालतं. त्यात शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबवर एचडीएमआयच्या कार्डाचं प्रोफाइल ऑफ करा. नुसतं डीफॉल्ट बदलू नका, ऑफच करा. पण हे त्या एका खात्यापुरतं. लॉगिनचा पडदा वेगळ्या युजरखाली चालतो, तुमची निवड त्याला माहीतच नसते. ऑर्का तिथे गप्प राहतं ते यामुळे असावं.

सगळ्यांसाठी बंद करायचं तर कर्नललाच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यालाच, सांगावं लागेल. प्रॉक फोल्डरमधल्या असाउंडमध्ये कार्ड्स नावाची फाइल आहे, ती वाचा. एचडीएमआय ० आणि पीसीएच १ दिसलं, तर ईटीसीमधल्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये डॉट कॉन्फ शेवट असलेली नवी फाइल करून एकच ओळ लिहा: आधी ऑप्शन्स, मग मॉड्यूलचं नाव एसएनडी अंडरस्कोअर एचडीए अंडरस्कोअर इंटेल, मग इनेबल बरोबर शून्य स्वल्पविराम एक. क्रमांक उलटे असतील तर शून्य आणि एकही उलटे. रीस्टार्ट करा. चित्र पूर्वीसारखंच दिसेल, आवाजाचं एचडीएमआय कार्ड तेवढं गायब होईल. परत हवं असेल तर फाइल पुसा.

धागाकर्ता

दुसरा उपाय लागू पडला. क्रमांक तुम्ही म्हणालात तसेच होते. आता अल्सामिक्सरमध्ये पीसीएच एकटंच दिसतं. मुद्दाम मेन स्विच पाडून परत चालू केलं, मॉनिटर बंद ठेवून. लॉगिनच्या पडद्यावर ऑर्का बोललं आणि त्याने स्वतः पासवर्ड टाकून फाइल उघडली. मनापासून आभार. ओळ आणि फाइलची जागा कागदावर लिहून सीपीयूवर चिकटवली आहे, पुढे कुणी मिंट नव्याने टाकलं तर शोधाशोध नको.