अंदालुसियातील जुन्या बागा आणि अंगणाची घरे : काय पाहावे, काय गाळावे?

केवडा : मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आईवडिलांसह स्पेनमधील अंदालुसियात जाण्याचे ठरत आहे. आम्हाला मुख्यतः जुन्या बागा आणि उंच भिंतींआडची, मधोमध अंगण असलेली घरे पाहायची आहेत. आठवड्याभरात सेविया, कोर्दोबा आणि ग्रानादा ही तिन्ही शहरे करावीत का? वडिलांचे गुडघे दुखतात, हे लक्षात घेऊन कृपया सुचवावे.

रानवाट : सेविया गाळावे आणि तो वेळ ग्रानादाला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अल्हाम्ब्रा या मुस्लिम राजांच्या किल्लेवजा राजवाड्यासमोरच्या आल्बायसीन टेकडीवर ‘कार्मेन’ म्हणून ओळखली जाणारी घरे आहेत. रस्त्यावरून पांढरी भिंत आणि सुरूचे शेंडे तेवढे दिसतात; आत मात्र उतारावर टप्प्याटप्प्याने रचलेली बाग, द्राक्षाचा मांडव, डाळिंबाची झाडे आणि एखादे कारंजे असते. सोळाव्या शतकात मोरिस्कोंना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांना, ग्रानादातून हाकलल्यावर ओस पडलेल्या घरांच्या जागा एकत्र करून यांतली पुष्कळ घरे उभी राहिली. बहुतेक खाजगी असल्यामुळे आत जाता येत नाही, म्हणून अल्हाम्ब्राच्या टेकडीवरील, विनामूल्य असलेले ‘कार्मेन दे लोस मार्तिरेस’ पाहावे. तिथे मोर मोकळे फिरतात. ते मात्र ऐसपैस आहे. राहत्या घराचा अंदाज हवा असेल तर जवळच संगीतकार मानुएल दे फाय्या यांचे छोटे कार्मेन आहे, जिथे ते १९३९ साली अर्जेंटिनाला जाईपर्यंत राहत होते.

अल्हाम्ब्रालगतचा, राजांचा बागांचा महाल असलेला हेनेरालिफे चुकवू नये. तिथल्या पाण्याच्या जिन्यात कठड्यांच्या माथ्यावर पन्हळी केलेल्या आहेत आणि हात टेकायच्या जागेवरून पाणी खळखळत उतरते. हे सारे पाणी दार्रो नदीवरून वळवलेल्या जुन्या पाटाचे. अल्हाम्ब्रातील राजवाड्यांची तिकिटे संपली असली तरी केवळ बागा, हेनेरालिफे आणि किल्ला यांचे वेगळे तिकीट मिळते. तिकीट नावावर असते, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवावा.

ओसरी : आपल्या तारखा पाहता कोर्दोबा सोडणे योग्य होणार नाही. तिथली फुलांनी सजवलेल्या अंगणांची स्पर्धा १९२१ साली सुरू झाली, युनेस्कोने २०१२ मध्ये या उत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि तो नेमका याच दिवसांत असतो. सान बासिलिओ भागात लोक आपल्या राहत्या घराची दारे विनामूल्य उघडतात. भिंतीवर उंच टांगलेल्या कुंड्यांना लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या डब्याने पाणी घालतात, ते अवश्य पाहावे. शनिवार-रविवारी रांगा फार लागतात. गर्दी नको असल्यास बारा अंगणांचा वियाना राजवाडा पुरेसा आहे.

केवडा : दोघांचेही आभार. आल्बायसीनची चढण वडिलांना झेपेल का?

रानवाट : चालत नको. गल्ल्यांतून लहान बस वरपर्यंत जाते. परतीलाही बसच घ्यावी, कारण गोट्यांच्या फरसबंदीवरचा उतार गुडघ्यांना चढणीपेक्षा अधिक त्रास देतो.