कॅसलरॉकला वडिलांना घेऊन जायचंय, तिथे आता काय आहे?

नमस्कार मंडळी. माझे आजोबा कॅसलरॉकला (कर्नाटकात, गोव्याच्या हद्दीजवळचं घाटमाथ्यावरचं स्टेशन) रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार होते, बाबांचं लहानपण तिथल्या क्वार्टरमधे गेलं. आता ते 80 चे आहेत आणि एकदा ते स्टेशन बघू दे म्हणून मागे लागलेत. आम्ही पुण्याचे. पावसाळ्यात न्यावं का, आणि राहायची सोय होते का?

— नक्की न्या! पण मुक्काम लोंढ्याला नाहीतर दांडेलीला करा, गाव अगदी लहान आहे, चारी बाजूंनी जंगल. रामनगरकडून रस्ता आहे, कार सरळ जाते. गोवा एक्सप्रेस थांबते पण पोचायची वेळ आधी ॲपवर बघा, म्हाताऱ्या माणसाला रात्री-अपरात्री उतरवू नका.

— दादा, मी घाट सेक्शनला काम केलंय म्हणून सांगतो. कॅसलरॉक ते कुळे (घाटाखालचं गोव्यातलं स्टेशन) साधारण 26 किमी आणि उतार 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर खाली, म्हणून खाली उतरणारी गाडी इथे थांबून ब्रेक तपासूनच सोडतात आणि गोव्याकडून कोळसा घेऊन चढणाऱ्या मालगाडीला बँकर इंजिनं, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लावावी लागतात. ती इंजिनं चढावर जोर लावतात तो आवाज दरीत घुमतो ना, तो बाबांना ऐकवाच. फक्त जुनी अरुंद मीटरगेज लाईन शोधू नका म्हणावं, नव्वदच्या दशकात रुंद ब्रॉडगेज झालं.

— आणि 1961 पर्यंत पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं हो. आपला कस्टम कॅसलरॉकला, त्यांचा कुळ्याला. बाबांना विचारा, त्यांना आठवत असेल.

— विचारलं! म्हणाले लोकांच्या ट्रंका प्लॅटफॉर्मवरच उघडायला लावायचे, आम्ही पोरं कुंपणाला लटकून बघायचो. हे मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं त्यांनी. तिथून रुळांवरून दूधसागर धबधब्यापर्यंत थोडं चालता येईल का?

— नाही, प्लीज नको. पूर्वी ट्रेकवाले जायचे पण आता रुळांवरून चालायला बंदी आहे आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. धबधबा गाडीतूनच बघा, खाली जाताना लागतो. बाबांना प्लॅटफॉर्मवर बाकावर निवांत बसू द्या, दोन-तीन गाड्या जाऊ देत. स्वेटर आणि छत्री दोन्ही घ्या, धुकं एकदम उतरतं.

— ठरलं, सप्टेंबरमधे जातो. बाबांनी आत्ताच क्वार्टर कुठल्या बाजूला होतं त्याचा कागदावर नकाशा काढलाय.