मुलीला तिच्याच कानांबद्दल काय आणि किती सांगायचं?

रामबागेतली आई, इंदूर
माझी मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, चौथ्या वर्षापासून ऐकायचं मशीन लावते. सेल बदलणं, कानात बसणारा मोल्ड धुणं, टीचरशी बोलणं, सगळं मीच करते. परवा दुसऱ्याच तासाला उजव्या मशीनचा सेल संपला. दप्तरात नवं पाकीट होतं, तरी दीड वाजेपर्यंत तशीच बसून राहिली. विचारलं तर म्हणाली, "ते तुला येतं ना!" रिक्षातल्या मुलाने "कानात काय घातलंय?" विचारलं, तर "माझ्या आईला विचार" म्हणाली. रात्री मला झोप लागली नाही. तिच्या कानांचं सगळं मला माहीत आणि तिला काहीच नाही. सुरुवात कुठून करू? सासूबाई म्हणतात, लहान आहे, इतक्यात कशाला तिच्या मनाला लावून द्यायचं.

लोकमान्यनगरवाला
ताई, मी ४६ वर्षांचा आहे, सहाव्या वर्षापासून मशीन लावतो. माझे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचे आलेख, वडिलांच्या कपाटात असायचे. मी तो कागद नीट पाहिला तो बाविसाव्या वर्षी, नोकरीच्या मेडिकलच्या वेळी. 'स' आणि 'श' माझ्याकडून का निसटतात ते त्या दिवशी कळलं. तोवर मला वाटायचं, माझंच लक्ष नसतं. सासूबाईंना हे जरूर सांगा. मनाला लागतं ते न सांगितल्यामुळेच.

कागदापासूनच सुरू करा. डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक, २५० ते ८००० हर्ट्झ. वरून खाली येऊ तसा आवाज मोठा. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. त्या तिलाच जोडू द्या. रेघेच्या वर राहतं ते तिला मशीनशिवाय ऐकू येत नाही. तिथे पानांची सळसळ, कुजबुज काढायला सांगा, आणि खाली ढोल, ट्रक.

मशीनने आवाज मोठा होतो, पण शब्द दरवेळी स्वच्छ होतोच असं नाही, हेही सांगा. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. हे माहीत नसलं की पंख्याच्या घरघरीत, वर्गाच्या गोंगाटात शब्द सुटला की मूल स्वतःला दोष देतं.

सेल तिच्या हातांनीच बदलू द्या. स्टिकर तपकिरी असेल तर ३१२ नंबर, नारिंगी असेल तर १३. स्टिकर काढून मिनिटभर थांबायचं, हवा आत गेली की मगच सेल बसवायचा. आणि रंगपंचमीच्या गेरला, रंगांच्या मिरवणुकीला, जाताना मशीन डबीत गेलं की "आता समोर येऊन बोला" हे मैत्रिणींना तिने सांगायचं, तुम्ही नाही.

स्पीच थेरपिस्ट, वडोदरा
वरचं सगळं पटलं. रोज सकाळी मशीन लावल्यावर तोंडापुढे कागद धरून म, ऊ, आ, ई, श, स म्हणा, तिने ऐकून तेच म्हणायचं. एखाद्या दिवशी 'स' आला नाही तर आधी तिलाच कळेल. सेल मात्र मोजून द्या आणि वापरलेले मोजून परत घ्या. चुकून गिळला किंवा नाकाकानात गेला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

रामबागेतली आई
दादा, काल कागद काढला. फुल्या जोडून झाल्यावर तिने विचारलं, "आजीची कुजबुज कुठे येते?" रेघेच्या वर येते म्हटल्यावर बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मला ती कधी ऐकूच आली नाही." सासूबाईंनी तिला जवळ ओढलं, मशीनपाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं, आणि दोघी हसल्या.

सेलचा स्टिकर तिच्या नखाने निघेना, मी हात मागेच ठेवले. निघाल्यावर तिने तो कॅलेंडरवर कालच्या तारखेवर चिकटवला. सेल किती दिवस चालतो ते मोजणार आहे.

आता टीचरना द्यायची चिठ्ठी ती स्वतः लिहितेय. पहिलं वाक्य झालंय: "तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोललात की मला समजत नाही." दुसऱ्यापाशी पेन्सिल चावत बसलीये.