रे: रे: सिटिझनशिपची टेस्ट – अण्णा-आई नाशिकला, इंटरव्ह्यू न्यू जर्सीत

प्रेषक: कॉलेज रोडवाली (मार्चपर्यंत मुक्काम नाशिक)

नमस्कार मंडळी,

माझ्या सासू-सासऱ्यांचा एन-४०० (अमेरिकन नागरिकत्वाचा फॉर्म) नोव्हेंबरमध्ये भरला, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे, फोटो) झालं आणि थंडी सुरू झाल्या झाल्या दोघं नाशिकला पळाले, मागोमाग मी पण आलेय. आता रोज सकाळी चहा झाला की अण्णा फोनवर सिव्हिक्सच्या, म्हणजे नागरिकशास्त्राच्या टेस्टचा "शंभर प्रश्न" वाला व्हिडिओ लावतात आणि आई उत्तरं वहीत उतरवून घेते, तीही देवनागरीत, "वी द पीपल", "ज्युडिशियल ब्रँच" असं. पाठ चांगलं झालंय, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की दोघंही माझ्याकडे बघतात.

विचारायचं असं की अण्णा ६८ वर्षांचे, आई ६४ ची, दोघांच्या ग्रीन कार्डला पाच वर्षं झालीत. वयाची काही सवलत असते का, मराठीतून देता येते का? आणि मोठा घोळ म्हणजे अण्णा आता म्हणतायत की आलोच आहोत तर २०२७ चा सिंहस्थ बघूनच जाऊ. आमचं मूळ घर पंचवटीतलं, त्यामुळे या विषयावर घरात कोणी काही बोलू शकत नाही. तुम्हीच सांगा काहीतरी.

---

प्रेषक: एडिसनकर

ताई, आधी तो व्हिडिओ बंद करा. शंभर प्रश्न ही २००८ ची जुनी टेस्ट. २० ऑक्टोबर २०२५ पासून पुढे ज्यांनी फॉर्म भरला त्यांना नवी, तिच्यात १२८ प्रश्नांची यादी आहे, त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. १२ बरोबर झाले की ऑफिसर थांबतो आणि ९ चुकले तरी थांबतो. जुन्या टेस्टला १० पैकी ६ लागायचे. तुमचा फॉर्म नोव्हेंबरचा म्हणजे नवीच. बरेच प्रश्न जुनेच आहेत पण काही वाढवलेत, उदा. मूळ १३ राज्यांपैकी आधी ३ सांगितली की चालायचं, आता ५ सांगायची.

गव्हर्नर, सेनेटर कोण तेही विचारतात, ती नावं पण ताजी बघून घ्या. न्यू जर्सीत २०२६ च्या जानेवारीत गव्हर्नर बदलल्या, फिल मर्फी गेले आणि मिकी शेरिल आल्या, नेटवरच्या अर्ध्या पीडीएफमध्ये अजून मर्फीच आहेत. सेनेटर कोरी बुकर किंवा अँडी किम, एक सांगितला तरी पुरे.

---

प्रेषक: सिडको ते सॅन होजे

६५ च्या वर असेल तर फक्त २० प्रश्न करायचे असतात ना? आमच्या शेजारच्या आजींनी तसंच केलं होतं, आणि ते पण गुजरातीतून. अण्णांना एवढा त्रास कशाला देताय.

---

प्रेषक: पंचवटीतल्या बाई

सगळ्यांना नमस्कार. मीही सध्या नाशकातच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी इथल्या शाळेत वर्षानुवर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं, मुलाकडे गेले आणि तिकडे जाऊन स्वतःच हा पेपर दिला. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेली चार पानं, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची, असं ज्यांनी आयुष्यभर मानलं त्यांच्यावर हा सूडच आहे म्हणायचा :)

सिडकोकर, नुसतं वय ६५ असून भागत नाही, ग्रीन कार्डला २० वर्षं झालेली असावी लागतात. शेजारच्या आजींची झाली असणार. तसंच ५० वय आणि २० वर्षं कार्ड, किंवा ५५ वय आणि १५ वर्षं कार्ड असेल तर इंग्रजी माफ, दुभाष्या घेऊन सिव्हिक्स मराठीत देता येतं. अण्णा-आईंच्या कार्डाला पाचच वर्षं झालीत, म्हणजे दोघांना इंग्रजीतूनच द्यायचंय. आजारपणामुळे शिकणं शक्यच नसेल तर डॉक्टरकडून एन-६४८ (टेस्ट माफ करण्याचा फॉर्म) भरून घेतात, पण जो माणूस सकाळी उठून सिंहस्थाचं प्लॅनिंग करतो त्याला तो कोण देणार.

आता पाठांतराबद्दल. आईंची वही थांबवू नका, पण अण्णांना सांगा की हे सगळं तुम्हाला येतंय, फक्त नावं वेगळी आहेत. सेनेट म्हणजे आपली राज्यसभा समजा, मुदत ६ वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा मोकळ्या होतात, दोन्हीकडे हेच. हाउस म्हणजे लोकसभा, मतदान करणारे ४३५ जण, पण मुदत फक्त २ वर्षं. हे एवढं डोक्यात बसलं की मग फरक पक्के करायचे, कारण आपली माणसं चुकतात ती तिथेच. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आणि गोव्याला एक. तिकडे तसं नाही, कॅलिफोर्नियाचे हाउसमध्ये ५२ आणि वायोमिंगचा एकच, पण सेनेटमध्ये दोघांचेही दोन-दोनच, म्हणून ५० राज्यांचे १००. दुसरं म्हणजे राज्यसभा आमदार निवडतात, सेनेटर मात्र १९१३ च्या घटनादुरुस्तीपासून थेट लोक निवडतात. "सेनेटर कोण निवडतं" ला अण्णा बिनधास्त "लेजिस्लेचर" म्हणतील बघा. आणि तिकडचा प्रेसिडेंट आपल्या राष्ट्रपतींसारखा नुसता सही करणारा नाही, सरकारही तोच चालवतो. सुप्रीम कोर्टात ९ जज आणि त्यांना रिटायरमेंटच नाही, आपल्याकडे ६५ ला घरी.

घटनादुरुस्त्या २७. अण्णा म्हणतील एवढ्याच? आपल्या शंभराच्या वर गेल्या. त्यांच्याकडे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते, मग कशा होणार पटापट. पहिल्या दहा म्हणजे बिल ऑफ राइट्स, १७९१. असं कारण कळलं की आकडा विसरत नाही.

मार्टिन ल्यूथर किंगचा प्रश्न यादीत आहे, उत्तर एका ओळीचं, सिव्हिल राइट्ससाठी लढले. पण नाशिकच्या माणसाला तो पाठ करायला लागूच नये असं माझं मत आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, कित्येक वर्षं चालला, दार काही उघडलं नाही, आणि मग १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. तिकडे माँटगोमेरीत काळ्या लोकांना बसमध्ये मागे बसवतात म्हणून किंगच्या पुढाकाराने बसवर बहिष्कार पडला तो १९५५ ला, आपल्या सत्याग्रहाच्या पंचवीस वर्षांनंतर. कोण कुठे बसणार, कोणाला आत घेणार, भांडण एकच. अण्णा लहानपणापासून त्याच मंदिरावरून येजा करतात ना, मग त्यांना तिथेच उभं करून हा प्रश्न विचारा.

खरी अडचण या प्रश्नांची नाहीच, एन-४०० वरच्या प्रश्नांची आहे. ऑफिसर आधी खरं बोलायची शपथ घ्यायला लावतो आणि मग फॉर्ममधलं एकेक विचारत जातो, कधी अटक झाली का, कधी खोटं बोलून सवलत घेतली का, कायद्याने सांगितलं तर देशासाठी हत्यार उचलाल का. आमच्या ग्रुपमधल्या एका आजोबांनी या शेवटच्यावर "या वयात?" असं उलट विचारलं, ऑफिसर हसला म्हणून बरं. हे प्रश्न मोठ्याने, वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकवा, नातवंडांचे अमेरिकन उच्चार इथे कामाला येतात. कळलं नाही तर "प्लीज रिपीट" म्हणायला काही हरकत नसते, पण न समजता "येस येस" म्हणायचं नाही, हे आईंना दहादा सांगा.

वाचायला तीनपैकी एक वाक्य नीट यायला हवं, लिहायलाही तीनपैकी एक. शब्द ठरलेले आहेत आणि यादी मिळते, फेब्रुवारी, डेलावेअर, थँक्सगिव्हिंग यांचं स्पेलिंग घोटून घ्या. आणि हे टॅबलेटवर पेनने लिहायला लावतात, कागदावर नाही, पहिल्यांदा हात ठेवला की अक्षर घसरतं. घरातला टॅबलेट द्या आठ दिवस. एखादा भाग राहिलाच तर ६० ते ९० दिवसांत तेवढ्याच भागासाठी परत बोलावतात.

आणि सिंहस्थ. अण्णांना माझं नाव सांगून सांगा की सहा महिन्यांच्या आत परत जायचं, फॉर्म भरून झाला म्हणजे सुटलो असं नाही, नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत ते धरतात. सहा महिन्यांच्या वर गेलात की तिकडचं राहणं मोडलं असंच गृहीत धरतात, मग घर, टॅक्स सगळं दाखवून सिद्ध करत बसा, आणि वर्ष ओलांडलं तर विषयच संपला. इंटरव्ह्यूची नोटीस तिकडे एडिसनला (न्यू जर्सी) घरच्या टपालपेटीत येऊन पडायची आणि हे रामकुंडावर.

---

प्रेषक: निफाडकर, डॅलस

बाईंनी छान सांगितलं. माझं वेगळंच आहे. वडिलांच्या नावावर द्राक्षबाग आहे, सिटिझन झाले तर सातबारावरून नाव जाणार असं गावात कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय, त्यामुळे ते फॉर्मलाच हात लावत नाहीयेत. हे खरं आहे का?

---

प्रेषक: एडिसनकर

भाऊ, नाव जात नाही. भारतात राहत असताना घेतलेली किंवा वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते. नवीन शेती, फार्महाउस विकत घेता येत नाही, पण ते एनआरआय असतानाही येत नव्हतंच, म्हणजे सिटिझन झाल्याने तिथे नवीन काही बिघडत नाही. विकायची झाली तर भारतातच राहणाऱ्या भारतीयाला विकावी लागते. तरी नाशिकच्या एखाद्या सीएला कागद दाखवा.

जातं ते वेगळंच. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे शपथ झाली की भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढायचं. ओसीआयवर कितीही दिवस राहा, पण मत नाही. यंदाच्या जानेवारीतल्या महापालिकेच्या धामधुमीत ज्यांनी बोटाला शाई लावून फोटो टाकले त्यांनी हे लक्षात ठेवा. आणि उलट बाजूने, शपथ व्हायच्या आधी तिकडच्या मतदार यादीत चुकूनसुद्धा नाव घालायचं नाही. लायसन्स काढताना स्क्रीनवर विचारतात, म्हातारी माणसं "हो" वर टिचकी मारून मोकळी होतात, आणि फॉर्ममध्ये हाच प्रश्न येतो. यात केस अडकतात.

जाता जाता, जो पासपोर्ट सरेंडर करायचा तो छापतात आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच. माझा एक काका तिथून रिटायर झाला, माझा पासपोर्ट गेल्यापासून तो मला जरा कमीच बोलतो.

---

प्रेषक: कॉलेज रोडवाली

बाई, तुमची मेल अण्णांना मोठ्याने वाचून दाखवली. सेनेटर कोण निवडतं विचारलं, आणि खरंच "लेजिस्लेचर" म्हणाले. मग अर्धा तास माझ्याशी वाद की आमदारांनीच निवडायला पाहिजेत, लोकांना काय कळतं. म्हटलं हे ऑफिसरला नका सांगू.

तिकिटं मार्चचीच ठेवतोय. सगळं सुरळीत झालं तर २०२७ ला ओसीआयवर येऊ आणि सिंहस्थ करू असं ठरलंय, म्हणजे ठरवलंय आईने, अण्णा अजून "बघू" वर आहेत. आईची वही आता इंग्रजीत सुरू झाली, डेलावेअर जमलं, थँक्सगिव्हिंगमध्ये एक एच कमी पडतोय.

बाई, तुम्ही म्हणाल तेव्हा गाडी पाठवते, फक्त दुपारी दोन ते चार नको, अण्णा झोपतात. आणि एडिसनकर, नव्या १२८ ची प्रिंट तुमच्याकडे असेल तर पाठवा ना, मोठ्या अक्षरातली.