क्रस्टलेस किशला तळाशी पाणी सुटतं, मदत हवी आहे

किश म्हणजे मैदा-लोण्याच्या पेस्ट्रीच्या कवचात अंडी-दुधाचं मिश्रण ओतून भाजलेला खारा पदार्थ. त्यासाठी पेस्ट्री मळा, लाटा, गार करा, आधी अर्धवट भाजून घ्या हा खटाटोप मला झेपत नाही, म्हणून मी क्रस्टलेस, म्हणजे कवचाशिवाय, करते. चव छान येते, वरून रंगही सोनेरी येतो, पण कापलं की गडबड. पहिला तुकडा उचलला की त्या रिकाम्या जागेत पाणी जमायला लागतं आणि थोड्या वेळात शेजारचे तुकडे त्यात डुंबत असतात. कडा रबरासारख्या, मधला भाग त्या मानाने बरा.

कृती जशी करते तशीच लिहिते. २३ सेंटीमीटरची गोल काचेची डिश, आतून लोणी लावलेली. ५ अंडी, दीड कप लो-फॅट दूध, मूठभर किसलेलं चेडर चीज. २०० ग्रॅम मश्रूम दोन-तीन मिनिटं परतून, १५० ग्रॅम पालक चिरून कच्चाच, कारण ओव्हनमध्ये तो शिजतोच. मीठ, मिरपूड, किंचित जायफळ. १९० अंशांवर ४० मिनिटं, म्हणजे मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघेपर्यंत. ओव्हनचा पंखा बंद करता येत नाही.

शोधलं तर कोणी म्हणतं दूध कमी करा, कोणी म्हणतं मैदा घाला, कोणी डिश पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायला सांगतं. मैद्याला नाही म्हणत नाही, पण केकसारखा घट्ट पोत नको आहे. कापल्यावर तुकडा उभा राहावा आणि तोंडात मऊ लागावा, एवढंच. नेमकं काय बदलू? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

पालक कच्चा घालताय तिथेच उत्तर आहे. पालकात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, मश्रूममध्येही तेवढंच. ते सगळं डिशमध्येच सुटणार, दुसरीकडे जाणार कुठे?

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण ते अर्धं उत्तर झालं. किशमध्ये पाणी दोन ठिकाणांहून येतं आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक पाणी भाजीचं. दुसरं अंड्याचं स्वतःचं: अंड्यातली प्रथिनं तापली की एकमेकांना धरून जाळी करतात आणि दूध त्या जाळीत अडकून राहतं. ताप जास्त झाला की जाळी आवळते आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकते. सरळ भाषेत, चोथापाणी होतं.

कोणतं पाणी आहे हे कापलेल्या बाजूकडे नीट बघितलं तर कळतं. पोत गुळगुळीत आहे आणि पाणी फक्त तळाशी, तेही हिरवट-तपकिरी, तर दोष भाजीचा. पोतात बारीक बारीक भोकं दिसतात आणि बोटाने दाबल्यावर त्यातून पाणी येतं, तर दोष आचेचा. दूध कमी करायच्या आधी हे बघा. ५ अंड्यांना दीड कप दूध अजिबात जास्त नाही. पेस्ट्रीच्या किशमध्ये तर अंड्यांच्या वजनाच्या दुप्पटही दूध-क्रीम घालतात.

पेस्ट्री दोन कामं गुपचूप करत असते. थोडं पाणी पिते, आणि अंड्याचं मिश्रण व तापलेली डिश यांच्यामध्ये आड येते. ती काढून टाकली की दोन्ही कामं आपल्या अंगावर येतात.

धागाकर्ती

फ्रिजमध्ये एक तुकडा होता, तो कापून बघितला. कडेला दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात भोकंच भोकं, मध्ये गुळगुळीत. पाणी तपकिरी, किंचित हिरवट. म्हणजे दोन्ही दोष? मग आच किती ठेवू? आणि सुरी कोरडी निघेपर्यंत थांबायचं नाही तर झालं हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद

हो, दोन्ही. पंख्याचा ओव्हन १९० वर म्हणजे बिनपंख्याचा साधारण २१०. अंड्या-दुधाच्या कुठल्याही प्रकाराला ही आच फार झाली. तुमच्या ओव्हनमध्ये १५० ठेवा आणि ३५ मिनिटांनंतर डोकवायला लागा, वेळ थोडा जास्त लागेल. दूध घातलेलं अंडं मधोमध ७५ ते ८० अंशांपर्यंत आलं की बसतं, ८५ च्या पुढे फाटायला लागतं. खिशाला परवडत असेल तर खुपसायचा थर्मामीटर घ्या. मी ७५ दिसलं की बाहेर काढते. काच उष्णता धरून ठेवते, त्यामुळे बाहेर आल्यावरही आकडा थोडा चढतो.

थर्मामीटर नसेल तर डिश हलक्या हाताने हलवा. कडा स्थिर, आणि मधला वाटीच्या तोंडाएवढा भाग जेलीसारखा थुलथुलला पाहिजे. पाण्यासारखी लाट दिसली तर अजून कच्चं आहे. सुरी खुपसायचीच असेल तर कड आणि मध्य यांच्या अधेमधे खुपसा. मधोमध कोरडी निघते तोवर कडांचं रबर झालेलं असतं. काढल्यावर १५-२० मिनिटं हात लावायचा नाही. फुगलेलं किश या वेळात खाली बसतं, ती वाफ असते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

भाजीबद्दल: मश्रूमला दोन-तीन मिनिटं म्हणजे जेमतेम घाम फुटतो. रुंद पॅन घ्या, सुरुवातीलाच मीठ घाला आणि कानाने परता. आधी पाणी सुटून खदखद ऐकू येते, पाणी आटलं की आवाज बदलून चरचर होते. चरचरायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. पालक त्याच पॅनमध्ये मरगळेपर्यंत परता, हाताला सोसेल इतका निवला की मुठीत घट्ट पिळा. किती पाणी निघतं ते बघून थक्क व्हाल. सगळी भाजी पूर्ण गार करूनच अंड्यात घाला.

प्रतिसाद

लो-फॅट दुधाबद्दल कोणी बोललं नाही. स्निग्धांश प्रथिनांच्या मध्ये येतो, जाळी फार आवळू देत नाही. एक कप पूर्ण स्निग्धांशाचं दूध आणि अर्धा कप क्रीम घेतलंत तर आच थोडी इकडेतिकडे झाली तरी निभावून जाईल. लो-फॅटच वापरायचं असेल तर एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर गार दुधात गुठळी न राहता कालवून घाला. पिठूळ कणही प्रथिनांना एकमेकांना घट्ट धरू देत नाहीत. मैद्याने तोच परिणाम मिळतो, पण त्यासाठी जास्त घालावा लागतो आणि मग तुम्हाला नको असलेला केक होतो. आणि अंडी फेस येईपर्यंत फेटू नका. पांढरं-पिवळं एकजीव झालं की थांबा.

प्रतिसाद

डिशला लोणी लावून वर दोन चमचे ब्रेडचा चुरा भुरभुरवा. राहिलंसाहिलं पाणी तो पितो, तुकडाही अलगद सुटतो.

प्रतिसाद

मग पेस्ट्रीच का नको? चुऱ्याऐवजी बारीक किसलेलं पार्मेझान चीज लावा, कडेला खमंग पापुद्राही येतो. पाण्याच्या ट्रेच्या भानगडीत पडू नका, १५० वर त्याची गरज नाही. आणि तळ सुटा होणारा केकचा डबा वापरू नका, सगळं मिश्रण ओव्हनच्या तळाला जातं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कॉर्नफ्लोअर घरात आहे, त्यामुळे आधी लो-फॅट दूध, कॉर्नफ्लोअर आणि १५० अंश असं करते. एक शंका राहिली. दुसऱ्या दिवशी गरम केलं की परत पाणी सुटतं, त्याचं काय? आणि जास्तीचं फ्रीझ करून ठेवलं तर चालेल का?

प्रतिसाद

गरम करताना अंडं पुन्हा शिजतं, म्हणून पाणी सुटतं. मायक्रोवेव्ह पूर्ण शक्तीवर लावू नका. १५० अंशांवर, वर फॉइल झाकून, तुकडा आतपर्यंत गरम होईल एवढाच वेळ ठेवा. ठेवताना निवल्यावरच झाकण लावा, नाहीतर वाफेचं पाणी वरून ठिबकतं. पण निवायला म्हणून ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये खराब होत नाही, पण बर्फाचे कण जाळी तोडतात आणि वितळल्यावर पाणी हमखास सुटतं. क्रीम घातलेलं असेल तर त्यातल्या त्यात बरं राहतं. साध्या दुधाचं मी फ्रीझ करत नाही, थंडच खाऊन टाकते.