हॉटेलची वीज चौरस मीटरवर मोजायची की खोलीवर?

पणजीकर: हॉटेलांच्या वीजवापराचा विषय निघाला की जो तो ईपीआय तोंडावर फेकतो. वर्षाची युनिटं भागिले बांधीव क्षेत्रफळ. २० लाख युनिटं, १० हजार चौरस मीटर, झाले २००. गोव्यातल्या धंद्याला हे माप बसत नाही. सीझन पडला की खोल्या रिकाम्या, आकडा खाली, मॅनेजर खूश! भरलेल्या खोलीमागे रात्रीला किती युनिटं, ते मोजा.

फोंड्याचा वायरमन: साहेब, मग पावसाळ्यात तुमचाच आकडा फुगेल. गिऱ्हाईक असो वा नसो. लॉबी, कोल्ड रूम, पंप चालूच.

पणजीकर: फुगू द्या की! रिकामं हॉटेल किती खातं तेच तर बघायचंय. बीईईने, म्हणजे केंद्राच्या ऊर्जाबचत कार्यालयाने, बीपीओंच्या (कॉल सेंटरसारख्या कंपन्यांच्या) इमारतींच्या स्टार रेटिंगला ताशी हिशोब लावलाच ना, तिथे रात्रपाळी असते म्हणून?

ऑडिटवाली, म्हापसा: खोलीवर मोजलं तरी पळवाटा राहतातच. लॉन्ड्री बाहेर दिली की युनिटं घटली, धुणं दुसऱ्याच्या मीटरवर. गरम पाणी विजेच्या हीट पंपावरून डिझेल बॉयलरवर नेलं की वीजबिल गोरंगोमटं, डिझेलचं कोण बघतो? शिवाय आपल्या दमट हवेत एसीची बरीच ताकद ओलावा काढण्यातच जाते. बँक्वेटचं समुद्राकडचं दार सताड उघडं असेल तर कुठलाच भागाकार ते दाखवणार नाही. चिलरला, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणाऱ्या मुख्य यंत्राला, वेगळा मीटर हवा आणि एक टन गारव्याला किती किलोवॅट लागतात ते कळायला हवं.

पर्वरीचा पात्रांव: एवढा खर्च कोण करणार? कपॅसिटर बसवा, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरोखर कामाला लागणारा वाटा) सुधारा, बिल उतरतं. मालकाला तेवढंच कळतं.

ऑडिटवाली, म्हापसा: बिल उतरेल हो, पण चिलर युनिटं जवळपास तेवढीच खाणार. आणि ईसीबीसी २०१७ चा, म्हणजे इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या केंद्राच्या नियमावलीचा, आधार घेऊ नका. १०० किलोवॅट किंवा जास्त जोडभाराच्या नव्या इमारतींसाठी ती आहे खरी, पण इमारत बांधताना. पुढे इमारत चालवतात कशी, ते मीटरच सांगणार.

फोंड्याचा वायरमन: आमच्याकडे चिलरला मीटर आहे, बाय. लॉगबुकात महिन्याभराची रीडिंगं एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेली.

ऑडिटवाली, म्हापसा: मग रीडिंग थेट संगणकावर घ्या. पहिल्यांदा पहाटे ३ ची बघा, सगळे झोपलेले असतात तेव्हाची.